जॉयस्टिकची पद्धत रोबोट चालवणाऱ्या मुलांनाच ठरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय रोबोटिक्स स्पर्धांची तयारी आता पुण्यातील अनेक शाळांमध्ये वर्षभर चालते आणि तिच्या बातम्या आपल्या दैनिकातही वरचेवर येतात. रोबोटचे छायाचित्र, मिळालेले पारितोषिक, मुलांनी खर्ची घातलेले महिने हे सारे त्यात असते आणि ते असायलाच हवे. मात्र स्पर्धेच्या दिवशी तो रोबोट ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या दोन अंगठ्यांवर पळतो, त्या अंगठ्यांखालच्या जॉयस्टिकला कोणते काम दिले आहे आणि ते कोणी ठरवले, याची चर्चा बातम्यांत तर नाहीच, पण संघांच्या आतही फारशी होताना दिसत नाही. यंत्रांच्या नियंत्रणप्रणालींवर काम करणे हा माझा व्यवसाय आहे आणि सुट्टीच्या दिवशी कोथरूड-कर्वेनगर भागातील मुलांच्या संघांना मी मदत करते. त्या अनुभवावरून हा विषय पालक, शिक्षक आणि क्लासचालक यांच्यासमोर मांडावासा वाटला.

माझे म्हणणे असे, की नियंत्रणपद्धतीची निवड प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या सोयीने, क्लासच्या सरांनी आपल्या सवयीने किंवा एखाद्या विजेत्या परदेशी संघाचा व्हिडिओ पाहून करू नये. जो मुलगा किंवा जी मुलगी रोबोट चालवणार आहे, तिच्या हाताने, मैदानावर, घड्याळ लावून ती व्हावी आणि हंगामाच्या सुरुवातीलाच व्हावी.

या निवडीला इतके महत्त्व का, हे सामन्याचे वेळापत्रक पाहिले की कळते. फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेत पहिली ३० सेकंदे रोबोट स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो आणि पुढची २ मिनिटे मुले गेमपॅडने, म्हणजे दोन जॉयस्टिक (स्टिक) आणि बटणे असलेल्या हातातल्या रिमोटने, त्याला चालवतात. मैदान १२ फूट लांब आणि १२ फूट रुंद असते, त्यात एका वेळी चार रोबोट असतात आणि सुरुवातीला प्रत्येक रोबोट १८ इंचांच्या घनात मावेल एवढा असतो. एवढ्या दाटीत बाकीच्या तिघांना चुकवून वस्तू उचलायची, नेमक्या जागी नेऊन ठेवायची आणि परत यायचे, हे दोन मिनिटांत जितक्या वेळा जमेल तितके गुण. महाविद्यालयीन पातळीवरची रोबोकॉन तर पुणेकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. आशिया-पॅसिफिक विभागाची ही स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात भरली तेव्हा तिचा विषयच गोविंदा आणि दहीहंडी हा होता. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा माणसाने चालवायच्या ‘पालक’ रोबोटने ‘बालक’ रोबोटला उचलून सीसॉवर आणि झोक्यावर न्यायचे होते. यंत्र कितीही उत्तम असले तरी ‘पालक’ रोबोट नीट नेमक्या जागी उभा राहिला नाही, तर पुढचे काहीच होत नाही, आणि तो नीट उभा करणे हे अंगठ्यांचे काम असते.

आता पद्धतींकडे वळते. टँक ड्राइव्ह ही समजायला सर्वांत सोपी. डावी स्टिक डाव्या बाजूची चाके फिरवते, उजवी स्टिक उजव्या बाजूची. दोन्ही पुढे ढकलल्या की रोबोट पुढे जातो आणि एक पुढे, एक मागे केली की जागच्या जागी गिरकी घेतो. रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवणारा माणूस आपले दोन पट्टे दोन दांड्यांनी असेच हाकतो, आणि अडलेल्या जागेतून अवजड यंत्र वळवून काढण्यासाठी ही पद्धत खरोखर उत्तम आहे. प्रोग्रामही दोन ओळींत होतो, म्हणून नवख्या संघाला पहिल्या दिवशी हीच दिली जाते आणि पुढे ती कोणी बदलत नाही. अडचण सरळ जाण्यात आहे. टँकमध्ये सरळ रेषा हवी असेल तर दोन्ही अंगठे तंतोतंत सारखे ढकलले जावे लागतात आणि माणसाचे दोन अंगठे सारखे नसतात. नववीतील एका मुलीचा सराव मी जवळ बसून पाहिला होता. तिचा रोबोट प्रत्येक फेरीत डावीकडे सरकत जाई आणि संघातील मुले चाकांचे स्क्रू आवळत बसली होती. स्टिकचे आकडे लॅपटॉपवर दाखवायला लावले तेव्हा दिसले, की ती गेमपॅड किंचित तिरका धरते, त्यामुळे उजवी स्टिक पूर्ण १ पर्यंत पोहोचते आणि डावी ०.९ च्या आसपास थांबते. चाकांमध्ये काहीच दोष नव्हता. पुढे-मागे जाणे एकाच स्टिकवर दिल्याबरोबर तोच रोबोट त्याच फरश्यांवर सरळ जाऊ लागला.

ही दुसरी पद्धत म्हणजे आर्केड ड्राइव्ह. हिच्यात पुढे-मागे जाणे ही एक आज्ञा आणि वळणे ही दुसरी आज्ञा असते. प्रोग्राम दोन्हींची बेरीज डाव्या चाकांना देतो आणि वजाबाकी उजव्या चाकांना. दोन्ही आज्ञा एकाच स्टिकवर ठेवता येतात किंवा डाव्या स्टिकवर चाल आणि उजव्या स्टिकवर वळण अशा वाटून देता येतात. माझा कल वाटून देण्याकडे आहे, कारण एकाच स्टिकवर अंगठा सरळ पुढे नेताना तो थोडा तिरका जातोच आणि घाईत तर हमखास जातो. मग न मागितलेले वळण रोबोटला मिळते. मात्र एकच स्टिक वापरली तर दुसरा हात बटणांसाठी मोकळा राहतो, आणि हात कमी असलेल्या छोट्या संघात, जिथे एकच मूल चाके आणि पकड दोन्ही सांभाळते, तिथे हा फायदा मोठा ठरू शकतो.

आर्केडमध्ये एक बारीक गोष्ट आहे, जी मुलांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. समजा, स्टिक पूर्ण पुढे आहे, म्हणजे १, आणि वळण अर्धे उजवीकडे आहे, म्हणजे ०.५. बेरीज होते १.५ आणि वजाबाकी होते ०.५. मोटारीला १ पेक्षा जास्त देता येत नाही, म्हणून १.५ चा १ होतो आणि उजवी बाजू ०.५ वरच राहते. दोन बाजूंमधला जो फरक १ असायला हवा होता तो निम्म्यावर येतो आणि रोबोट मागितल्यापेक्षा खूपच कमी वळतो. मुले तक्रार करतात, “ताई, फुल स्पीडला बॉट वळतच नाही,” आणि उत्तर मिळते की मोटार कमी ताकदीची आहे, नवी आणा. वास्तविक दोन्ही आकड्यांना १.५ ने भागले की १ आणि ०.३३ मिळतात, दोन्ही बाजूंचे गुणोत्तर टिकते आणि रोबोट थोडा हळू, पण मागितलेल्या वळणावरूनच जातो. भागाकाराची ही एक ओळ नसल्यामुळे पालकांना नव्या मोटारींचा खर्च पडू नये.

डाव्या अंगठ्यावर चाल आणि उजव्यावर वळण ही वाटणी मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलांना लगेच पटते, कारण तिथेही डावा अंगठा चालवतो आणि उजवा नजर फिरवतो. परंतु सगळी मुले मोबाइलवरच वाढलेली नसतात. ड्रोन उडवणारी मुले आता बऱ्याच संघांत असतात आणि ड्रोनच्या रिमोटची जी सर्वांत रूढ मांडणी आहे, तिच्यात जागच्या जागी वळणे डाव्या स्टिकवर असते आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकणे उजव्या स्टिकवर. म्हणजे बरोबर उलटे. रिमोटची मोटारगाडी चालवलेल्या मुलाला वेग बोटाखालच्या ट्रिगरवर हवा असतो. ही सवय मोडून तिथे दुसरी बसवता येते, नाही असे नाही, पण त्यासाठी जाणारा सरावाचा वेळ कशासाठी घालवायचा? दोन स्टिकची अदलाबदल करायला प्रोग्राममध्ये एक-दोन ओळी पुरतात. तेवढे न करता मुलाला “तुला जमत नाही, सवय होऊन जाईल” असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

कर्व्हेचर ड्राइव्ह नावाची तिसरी एक पद्धत मोठ्या रोबोटांच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये रुजलेली आहे. साध्या आर्केडमध्ये तेवढ्याच ढकललेल्या स्टिकला हळू जाताना आणि वेगात जाताना वेगवेगळे वळण मिळते. हिच्यात मोटारगाडीच्या स्टिअरिंगप्रमाणे वळणाची गोलाई वेगावर अवलंबून राहत नाही. पण रोबोट थांबलेला असताना ती त्याला वळवू शकत नाही, म्हणून जागेवर फिरण्यासाठी वेगळे बटण दाबून ठेवावे लागते. साधारण ५४ बाय २७ फुटांच्या मैदानावर लांब धावा घेताना तिचा उपयोग आहे. १२ फुटांच्या मैदानात, जिथे पावलापावलावर थांबून वळायचे असते, तिथे ते जादा बटण ऐन गडबडीत विसरले जाते, असे मी पाहिले आहे. तरीही एखाद्या मुलीला तीच हाताला बसली, तर तिने तीच वापरावी.

खरा पेच मेकॅनम चाकांनी निर्माण केला आहे. बेंग्ट इलॉन या स्वीडिश अभियंत्याने १९७० च्या दशकात पुढे आणलेल्या या चाकांच्या कडेला ४५ अंशांत तिरके रोलर बसवलेले असतात आणि चारही चाके वेगवेगळी फिरवली की रोबोट तोंड न वळवता बाजूला सरकतो. आता पुण्यातील बहुतेक शालेय संघांना हीच चाके हवी असतात. इथे आज्ञा दोन न राहता तीन होतात, पुढे-मागे, बाजूला आणि वळण, त्यामुळे टँक पद्धत इथे उपयोगाची उरत नाही. एका स्टिकवर सरकणे आणि दुसऱ्या स्टिकवर वळणे हीच सोयीची मांडणी ठरते. रोलरमुळे बाजूची चाल पुढच्या चालीपेक्षा थोडी मंद पडते, म्हणून त्या आज्ञेला प्रोग्राममध्ये किंचित वाढ द्यावी लागते.

मात्र मेकॅनममध्ये सर्वांत मोठा प्रश्न पुढे म्हणजे कोणाचे पुढे, हा आहे. चालवणारी मुलगी मैदानाच्या कडेला उभी असते. रोबोट तिच्याकडे पाठ करून जात असेल तेव्हा तिची उजवी तीच त्याची उजवी. तो वस्तू उचलून तिच्याकडे तोंड करून परत येऊ लागला, की तिने उजवीकडे ढकलावे आणि त्याने तिच्या डावीकडे जावे, असे होते. सरावलेला मेंदू हे उलटे गणित करतो, पण त्यासाठी लागणारा तो क्षणभर दोन मिनिटांच्या खेळात प्रत्येक फेरीला मोजावा लागतो आणि समोरून दुसरा रोबोट आडवा आला की ते गणित हमखास चुकते. यावर उपाय म्हणजे मैदान-केंद्रित नियंत्रण. रोबोटवरचा गायरो त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगतो, प्रोग्राम स्टिकची दिशा तेवढ्या कोनातून उलटी फिरवतो, आणि मग स्टिक आपल्यापासून दूर ढकलली की रोबोट, त्याचे तोंड कुठेही असो, आपल्यापासून दूरच जातो. पहिल्यांदा रोबोट चालवणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांना याने जो आत्मविश्वास येतो तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि गायरो नियंत्रकात आधीच बसवलेला असताना ही सोय न देणाऱ्या मार्गदर्शकांचे मला आश्चर्य वाटते.

असे असले तरी तीही आंधळेपणाने स्वीकारू नये. गायरोने शून्य दिशा कोणती धरली आहे, यावर सगळे अवलंबून असते. घाईत रोबोट तिरका ठेवून सुरू केला, तर पूर्ण सामनाभर तो तेवढाच तिरका चालतो. म्हणून दिशा पुन्हा शून्य करण्याचे बटण हवे आणि ते चुकून दाबले जाणार नाही अशा जागी हवे. गायरो बंद पडला तर साध्या, रोबोट-केंद्रित पद्धतीवर येण्याची सोय हवी आणि त्या पद्धतीचाही सराव हवा. शिवाय पकड एखाद्या वस्तूशी अगदी नेमकी जुळवायची असते, तेव्हा बऱ्याच मुलांना रोबोटच्या नजरेने पाहणेच सोपे जाते. अशा वेळी बटण दाबून ठेवले असेपर्यंत रोबोट-केंद्रित आणि सोडले की पुन्हा मैदान-केंद्रित, अशी जोडणी मी सुचवते. ती ठेवायची की नाही हे अर्थात चालवणाऱ्यानेच ठरवावे.

पद्धत ठरली तरी स्टिकचा स्वभाव ठरवणे उरतेच. स्टिकवरून अंगठा काढला तरी ती बरोबर शून्यावर येत नाही, जुन्या गेमपॅडमध्ये तर मुळीच येत नाही आणि कोणी हात न लावता रोबोट हळूहळू सरकू लागतो. त्यासाठी मध्याभोवती थोडा डेडझोन, म्हणजे स्टिकचा आकडा शून्यच धरायचा असा छोटा पट्टा, ठेवावा लागतो. महाविद्यालयीन संघ वर्षानुवर्षे प्लेस्टेशन २ चा जॉयस्टिक आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-बोर्डाला जोडत आले आहेत; त्यात स्टिक ० ते २५५ असे आकडे देते आणि मध्य १२८ च्या आसपास असतो, तिथेही हाच प्रश्न येतो. डेडझोन ठेवताना त्याच्या कडेपासून आकडे पुन्हा शून्याने सुरू होतील असे गणित केले नाही, तर रोबोट शांत उभा असतो आणि एकदम धक्क्याने निघतो. दुसरी गोष्ट वर्गाची. स्टिकच्या आकड्याचा वर्ग केला तर अर्ध्या ढकलीला, म्हणजे ०.५ ला, ०.२५ एवढाच वेग मिळतो, घन केला तर ०.१२५, पूर्ण ढकलीला दोन्हींत पूर्ण वेग राहतोच. याने हळू चालवताना बारीक हालचाल सुधारते. वर्ग केल्यावर उणे चिन्ह नाहीसे होते, ते परत लावायला विसरले की रोबोट मागे जायचे नावच घेत नाही. आणि फर्स्ट टेक चॅलेंजच्या गेमपॅडमध्ये स्टिक पुढे ढकलली की आकडा मुळातच उणे येतो, हे नव्या प्रोग्रामरने पहिल्या दिवशीच लक्षात ठेवावे.

वेग एकदम न वाढता क्रमाने वाढावा अशी मर्यादाही घालता येते. चारही मोटारी एका क्षणी पूर्ण जोराने निघाल्या की १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब खाली जातो आणि चाके घसरतात, तेव्हा ती मर्यादा उपयोगी पडते. परंतु थांबतानाही तीच मर्यादा लावली, तर अंगठा उचलल्यावर रोबोट थोडा पुढे वाहत जातो आणि चालवणाऱ्याचा यंत्रावरचा विश्वास उडतो. वेग घेताना मर्यादा असावी, थांबताना फारशी नसावी. यातले आकडे कोणत्याही पुस्तकातून किंवा दुसऱ्या संघाच्या प्रोग्राममधून उचलता येत नाहीत, कारण ते रोबोटच्या वजनावर आणि मुलाच्या हातावर अवलंबून असतात. सातवीतल्या मुलाचा अंगठा स्टिकच्या टोकापर्यंत कसाबसा पोहोचतो. त्याच्या मार्गदर्शकाचा सहज पोहोचतो. मार्गदर्शकाने आपल्या हाताने जुळवलेला रोबोट त्या मुलाला म्हणूनच अवघड जातो.

निवड कशी करावी, याबद्दल मी संघांना जे सांगते ते इथे लिहिते. जमिनीवर चिकटपट्टीने एक मार्ग आखावा: एक लांब सरळ धाव, मग दोन खुर्च्यांभोवती आरटीओच्या परीक्षेत काढतात तसा आठचा आकडा, मग रोबोट तोंड आपल्याकडे करून परत येईल असा टप्पा, आणि शेवटी भिंतीशी खूण केलेल्या जागी नेमके उभे करणे. चालवू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रत्येक पद्धतीवर आधी सारखाच सराव द्यावा आणि मगच वेळ नोंदवावी; वेळेबरोबर खुर्चीला किती वेळा धक्का लागला तेही लिहावे. सगळ्यांनी एकाच क्रमाने पद्धती वापरू नयेत, कारण पहिल्या पद्धतीत हात गरम होतो आणि त्याचा फायदा दुसरीला मिळतो. हीच चाचणी काही दिवसांनी पुन्हा घ्यावी. पहिल्या दिवशी जी पद्धत सोपी वाटते ती जुन्या सवयीमुळे वाटते. आठवडाभराच्या सरावानंतर कधी कधी दुसरीच पुढे जाते, आणि आपल्याला स्पर्धेच्या दिवशीची पद्धत निवडायची असते. दोन पद्धतींची वेळ जवळपास सारखी आली, तर ज्या पद्धतीत धक्के कमी लागले ती घ्यावी. शेवटच्या फेऱ्या आवाजात, मित्रांच्या आरडाओरड्यात आणि आडवा येणारा दुसरा रोबोट किंवा रिमोटची गाडी ठेवून घ्याव्यात. सराव त्याच गेमपॅडवर व्हावा जो स्पर्धेत वापरायचा आहे. स्पर्धेच्या नियमात ठरावीकच गेमपॅड बसतात, आणि सरावासाठी घेतलेल्या स्वस्त गेमपॅडच्या स्टिकची स्प्रिंग वेगळी असली, तर आठवड्यांची मेहनत बोटांना नव्याने करावी लागते.

या चाचणीचा एक परिणाम मला अतिशय मोलाचा वाटतो. रोबोट कोणी चालवायचा हे अनेक संघांत आधीच ठरलेले असते: जो मुलगा घरी सगळ्यात जास्त गेम खेळतो तो. मुलींच्या वाट्याला वही, पोस्टर आणि परीक्षकांसमोरचे सादरीकरण येते, आणि हे कोणी वाईट हेतूने करत नाही म्हणूनच ते वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. घड्याळ लावून, प्रत्येकाला आपल्या हाताची पद्धत निवडू देऊन चाचणी घेतली की हे समज आपोआप तपासले जातात. ज्या मुलीला टँक पद्धतीवर “तिला नाही जमणार” म्हणून बाजूला बसवले होते, तीच वाटून दिलेल्या आर्केडवर संघातील सर्वांत कमी धक्क्यांची फेरी काढते, हे मी पाहिले आहे. चालवण्याची जागा तिला कोणी उदारपणे दिली नव्हती. ती तिची होतीच. डावखुऱ्या मुलांचेही असेच होते. त्यांच्यासाठी दोन स्टिकची अदलाबदल करून पाहिल्याशिवाय त्यांना चालवता येत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

निवड झाली की ती कागदावर लिहावी: कोणती स्टिक काय करते, कोणते बटण काय करते, हळू चालीचा ट्रिगर कोणता, दिशा शून्य करण्याचे बटण कोणते. तो कागद रोबोटच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. मुख्य चालक आजारी पडला तर बदली चालकाला तो उपयोगी पडतोच, शिवाय सामन्याच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या कोचलाही नेमके कोणते बटण सांगायचे ते कळते. दोन चालकांच्या पद्धती वेगळ्या असतील तर त्या दोन्ही प्रोग्राममध्ये ठेवून सामन्याआधी निवडता येतात, त्याला काही अडचण नाही. मात्र स्पर्धेच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे कोणतीही मांडणी बदलू नये, मग ती कितीही चांगली सुचलेली असो. अंगठ्यांना विचार न करता हालचाल करायची सवय लागायला वेळ लागतो, आणि अर्धवट मोडलेली सवय ही नसलेल्या सवयीपेक्षा वाईट.

हे सारे करायला वेळ आणि जागा लागते आणि इथेच आपल्या शहरात अडते. बहुतेक संघांचा रोबोट शेवटच्या आठवड्यापर्यंत टेबलावर उघडा पडलेला असतो, त्यामुळे चालवणे ही शेवटची, उरल्या वेळात करायची गोष्ट होऊन बसते. चार चाके, गेमपॅड आणि लाकडी फळी एवढ्यावर चालण्याचा सराव पहिल्या महिन्यातच सुरू होऊ शकतो. वरची यंत्रणा नंतर चढवावी. जागेसाठी घरे अपुरी पडतात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशी एकसारखी नसते, तेव्हा शाळांनी शनिवारी दुपारी एक रिकामा वर्ग, बाके बाजूला लावून, संघाला द्यावा, एवढी मागणी अवाजवी नाही. क्लासचालकांना माझी विनंती आहे, की तयार प्रोग्राम मुलांच्या हातात देताना त्यात निदान तीन पद्धती निवडता येतील अशी सोय ठेवावी आणि प्रत्येक पद्धतीचे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवावे. पालकांनी सरावाच्या वेळी कडेला उभे राहून “डावीकडे, अगं डावीकडे” असे ओरडू नये, कारण ती डावी कोणाची, त्यांची, मुलीची की रोबोटची, हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही. आणि स्थानिक सराव-सामने भरवणाऱ्या संस्थांनी पहिल्या सामन्याआधी प्रत्येक संघाला त्याच मैदानावर, त्याच गेमपॅडने काही मिनिटे मोकळे चालवू द्यावे. मैदानाची फरशी शाळेतल्या फरशीपेक्षा वेगळी पकड देते आणि डेडझोनचा किंवा हळू चालीचा एखादा आकडा तिथेच दुरुस्त करून घ्यावा लागतो.

या विषयावर ज्या शाळांनी आपल्या चाचण्यांच्या नोंदी ठेवल्या असतील, त्यांनी त्या आपल्या दैनिकातून प्रसिद्ध कराव्यात आणि आपण त्यांना जागा द्यावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे